गुरुवारी लिहिलेलं शनिवारचं तापमान

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. जुना म्हणा, खटारा म्हणा, पाठीवर गंज चढलाय म्हणा, सगळं मान्य. पण 'तो फ्रिज बंद पडला होता' असं कोणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी बंद पडलो नव्हतो. मला बंद केलं होतं. या दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही, त्याने सरकारी कचेरीत काम करू नये, आणि खरं सांगायचं तर कुठेच करू नये.

सध्या मी कचेरीच्या मागच्या पडवीत उभा आहे. सोबतीला दोन मोडक्या खुर्च्या आणि एक तीन पायांचं टेबल. पलीकडच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत इथे लपाछपी खेळायला येतात. या, खेळा, पण माझ्या आत लपू नका, माझं दार आतून उघडत नाही. बाहेर बसून ऐकत असाल तर मी सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा वाकवला, नळ्या बसवल्या, पाठीमागे कॉम्प्रेसर लावला आणि वरून पांढरा रंग दिला. त्या रंगाच्या हौदातलं पाणी पुढे कुठे सोडलं जात होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता अंदाज आहे, आणि त्याची मला लाज वाटते. तिथून दुकानात गेलो आणि दुकानातून थेट इथे आलो, दुसऱ्या मजल्यावर, पर्यावरण खात्याच्या वकिलांच्या खोलीत. चार टेबलं, तेरा कपाटं आणि वारा कमी, आवाज जास्त करणारा एक पंखा. मला विकत घेण्याचं कारण कागदावर लिहिलं होतं, 'न्यायालयीन नमुने जतन करणे'. पहिली चार वर्षं माझ्यात साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे डबे आणि कोणीतरी आणून विसरलेला अर्धा केक जतन झाला.

मग वकीलबाई आल्या. त्या सरकारी वकील. कोणी नदीत घाण सोडली, कोणी टेकडी पोखरली, कोणी परवानगीपेक्षा जास्त धूर ओकला, की सरकार त्याला कोर्टात खेचतं. तिथे सरकारच्या बाजूने उभं राहून बोलायचं, हे त्यांचं काम. नदीला स्वतः कोर्टात येऊन बोलता येत नाही. मलाही बोलता येत नाही, म्हणून मला त्यांचं काम लगेच समजलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. "हा फ्रिज आहे का धर्मशाळा?" त्या म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी मला स्वतः धुतलं. वरचा कप्पा रिकामा केला आणि दारावर कागद चिकटवला, 'वरचा कप्पा न्यायालयाचा. डबे खाली.' कार्यालयाचे अधीक्षक होते, त्यांचा चार पुडांचा डबा वरच्या कप्प्यात असायचा. तो खाली गेला म्हणून त्यांनी बाईंशी आठ दिवस अबोला धरला. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

वरच्या कप्प्यात आता बाटल्या राहू लागल्या. तपकिरी काचेच्या, तोंडाला लाख लावलेल्या, गळ्यात सह्यांच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. आत कुठल्या ना कुठल्या नाल्याचं पाणी. बाईंनी एका पेल्यात पाणी भरून त्यात तापमापी उभी केली आणि दारावर एक तक्ता लावला. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तापमान बघायचं आणि चौकोनात लिहायचं. हे काम शिपाईमामांकडे दिलं.

"मामा, नमुना दोन ते सहा अंशांत राहिला पाहिजे," बाई म्हणाल्या. "गरम झाला की आतल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तपासणीचे आकडे बदलतात. मग समोरचा वकील म्हणणार, हे आमचं पाणीच नाही. आपण कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग नाही."

"काळजी नको बाई. मी डोळ्यांत तेल घालून बघतो," मामा म्हणाले.

आणि बघायचे हो, खोटं कशाला बोलू? पहिली दोन वर्षं मामा चष्मा पुसून, वाकून, तापमापीशी नाक लावून बघायचे. कधी तीन लिहायचे, कधी पाच, बहुतेक वेळा चार. एका खटल्यात न्यायाधीशांनी तो तक्ता हातात घेतला आणि म्हणाले, या नोंदी चोख आहेत. त्या दिवशी बाई कोर्टातून परत आल्या त्या सरळ माझ्याकडे. दारावर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास रे." मित्रांनो, फ्रिजला कोणी शाब्बास म्हणत नाही. दार उघडतात, घेतात, पायाने ढकलून बंद करतात. मी पुढचा महिनाभर चारच्या इकडेतिकडे हललो नाही.

तो माझा चांगुलपणाच माझ्या मुळावर आला. रोज चारच असतं म्हटल्यावर मामा बघायचे बंद झाले. आधी गुडघ्यांचं निमित्त झालं. मग सवय झाली. मग सोमवारी सकाळी एकदाच पेन उचलायचं आणि आठवड्याचे चौदाच्या चौदा चौकोन चारने भरून टाकायचे. त्यात रविवारचेही दोन. रविवारी कचेरी बंद, मामा घरी पाय दाबून घेत बसलेले, आणि इथे कागदावर सकाळी चार, संध्याकाळी चार. याला पाट्या टाकणं म्हणतात. मी आतून घुं घुं करत राहायचो, पण फ्रिज घुं घुं करणारच, त्याकडे कोण लक्ष देतो?

आणि बाई. त्यांच्यावर माझा जीव आहे, पण सांगितलं पाहिजे. महिन्याच्या शेवटी त्या तक्त्याखाली सही करायच्या. 'तपासले' असं छापलेलं होतं, त्याच्या खाली. रविवारी मामा आले होते का, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. मग एक दिवस रोपवाली आली.

तिची नदीकाठी भाड्याच्या जमिनीवर रोपवाटिका होती. फुलझाडं, फळझाडं, कुंपणाची झाडं, सगळी पिशव्यांत लावलेली. पाणी नदीचं. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना सुरू झाला आणि दीड वर्षात तिची निम्मी रोपं मुळापासून काळी पडली. घरी ती आणि तिच्या दोन मुली. तिघींच्या हातांची बोटांमधली कातडी सोलून निघाली होती. तिने थंड पेयाच्या बाटलीत भरून आणलेलं जांभळं पाणी बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे बघा. हे मी झाडांना घालते," ती म्हणाली. "दाखवा कोर्टाला."

"ही बाटली चालत नाही हो," बाई म्हणाल्या.

"का? माझी बाटली खोटी आहे?"

"खोटी नाही. पण कोर्ट विचारणार, ही कोणी भरली, कुठे भरली, कोणासमोर भरली. आमचा माणूस जाऊन कारखान्याच्या तोंडाशी नमुना घेईल, त्यांच्या माणसासमोर. ती बाटली चालते."

रोपवालीने बाटली पिशवीत ठेवली. "ठीक आहे. तुमची चालते ना, मग तुमची आणा," ती म्हणाली.

बाई नुसत्या निरीक्षकाला पाठवून थांबल्या नाहीत, स्वतः गेल्या. गुडघाभर चिखलात उभं राहून तीन बाटल्या भरून घेतल्या. एक प्रयोगशाळेला, एक कारखान्याला आणि तिसरी, वाद झालाच तर म्हणून, माझ्या वरच्या कप्प्यात. प्रयोगशाळेने सांगितलं, पाणी वाईट आहे, मर्यादेच्या कितीतरी पट वाईट. कोर्टाने कारखाना तात्पुरता बंद करायचा हुकूम दिला. नदी पंधरा दिवसांत निवळली. रोपवाली सांगायला आली तेव्हा तिच्या हातात जास्वंदीचं एक रोप होतं. बाईंनी ते घेतलं नाही. नियमात बसत नाही म्हणाल्या. मग तिने ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, हे इमारतीला दिलंय, तुम्हाला नाही.

कारखान्याचा वकील फार गोड बोलायचा. बाई त्याला पाठीमागे 'लोणी' म्हणायच्या. लोणी म्हणाला, प्रयोगशाळेचं चुकलंय. कोर्टाने सांगितलं, मग तिसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेला द्या, ती सांगेल तो निकाल. सोबत तापमानाचा तक्ता जोडा. तोवर कारखाना बंद राहील.

म्हणजे सगळं आता माझ्याकडे होतं. एक बाटली, वरचा कप्पा. मी असा ताठ उभा होतो, मित्रांनो.

आणि त्याच आठवड्यात खात्याचा पर्यावरण सप्ताह आला.

मंगळवारी आमच्याच मजल्यावर कार्यक्रम होता. बाई दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोर्टात. भाषणासाठी कर्णा आणला, पण बाहेरचा प्लग चालेना. अधीक्षक आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझा प्लग उपटला. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. मग माझ्याच विजेवर मोठे साहेब दोन तास बोलले. निसर्ग आपली जबाबदारी आहे, म्हणाले. एकेक थेंब मोलाचा आहे, म्हणाले. इथे माझ्या आतला एकेक थेंब गरम होत होता आणि बाहेर टाळ्या पडत होत्या. तशा टाळ्या आजही ऐकू आल्या की मला कोणाच्या तरी पायावर कोसळावंसं वाटतं.

कार्यक्रम संपला, कर्णेवाला आपली वायर गुंडाळून गेला आणि माझा प्लग तसाच लोंबकळत राहिला. उन्हाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशी आल्या तेव्हा फरशीवर पाण्याचं थारोळं होतं आणि माझ्या आतली तापमापी एकोणतीसवर. मावशींनी प्लग लावला, फरशी पुसली आणि मामांना सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. तक्त्यावर मंगळवार संध्याकाळ चार होती, बुधवार सकाळ चार होती. "कोणाला बोलू नका," ते म्हणाले. "आता झालाय ना गार." मावशींनी मान हलवली नाही.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. बाटली पाठवायची होती. त्यांनी तक्ता काढला आणि प्रत काढायच्या यंत्रावर ठेवला. निघालेली प्रत हातात घेतली आणि तिथेच थबकल्या.

"मामा, आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार, बाई."

"मग शनिवारी संध्याकाळी चार अंश असणार आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मामा जमिनीकडे बघत होते. मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, मंगळवारचं पण विचारा त्यांना." मग सगळं बाहेर आलं. मामा रडले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मला त्यांची दया आली नाही. आज थोडी येते, पण त्या दिवशी नाही.

बाईंनी तक्ता पालथा केला, मागचे महिने काढले. सगळीकडे चार. सगळे एका बाजूला कललेले, एका पेनाचे. आणि प्रत्येक पानाखाली त्यांची स्वतःची सही. त्या खुर्चीत बसल्या आणि एकेक सही मोजत गेल्या.

दुपारी मोठे साहेब आले. त्यांनी दार लावून घेतलं, पण मी आतच होतो ना. "फ्रिज बिघडला असं प्रतिज्ञापत्रात लिहा," साहेब म्हणाले. "यंत्र बिघडलं तर तो अपघात होतो. अपघात झाला तर कोर्ट नवा नमुना घ्यायला वेळ देतं, आणि तोवर कारखाना बंदच राहतो. पण नोंदी खोट्या होत्या असं सांगितलंत तर आपल्या कुठल्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? कारखाना त्याच दिवशी उघडेल. मग तुमच्या त्या रोपवालीला काय सांगणार आहात?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, फ्रिजला काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

ऐकलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. वर अधीक्षकांनी एक मेकॅनिक पण आणला. त्याने मागची जाळी काढली, कान लावला आणि सांगितलं, "साहेब, याला काही झालेलं नाही. दाराचं रबर सैल झालंय तेवढंच. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे." अधीक्षक म्हणाले, "पण जुना आहे. बंद पडू शकतो ना?" मेकॅनिक म्हणाला, "पडू तर काहीही शकतं." "तेवढंच लिहून द्या," अधीक्षक म्हणाले, आणि त्याने दिलं. ज्या हाताने माझा प्लग उपटला, त्याच हाताने तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. फोनची रेंज फक्त माझ्या कोपऱ्यात यायची, म्हणून त्या घरी फोन करायच्या तर माझ्या दाराला टेकून. पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं.

"अरे, एवढी एक ओळ लिहिली तर काय होणार आहे?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नदी वाचेल."

"मग लिही," तो म्हणाला.

"अशी कशी लिहू?"

"मग नको लिहूस."

"तू मला मदत करतोयस की नाही?"

"मी ऐकतोय. बरं, येताना बाबांचं इन्सुलिन आण. सोमवारी घेतलेलं तुझ्या ऑफिसातच राहिलंय."

बाईंनी दार उघडलं. खालच्या कप्प्यात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. त्यांनी आतली बाटली काढली, पर्समध्ये टाकायला गेल्या आणि हात तिथेच थांबला. सोमवारपासून ती माझ्या आत होती. मंगळवारीही होती. त्या एकदा बाटलीकडे बघत होत्या, एकदा दारावरच्या चार, चार, चारकडे. मग त्यांनी ती बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि फोनवर म्हणाल्या, "ते खराब झालंय. मी नवीन घेऊन येते. आणि ती ओळ मी नाही लिहीत."

मित्रांनो, मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. माझी अब्रू वाचली असं वाटलं. मी किती मूर्ख होतो ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रोपवालीला बोलावून घेतलं आणि समोर बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सोमवारी कोर्टात काय सांगणार तेही सांगितलं.

"म्हणजे कारखाना उघडणार?" रोपवालीने विचारलं.

"बहुतेक."

"मग नका सांगू."

"सांगावं लागेल. माझी सही आहे त्या कागदावर."

"फ्रिज बिघडला म्हणा ना. त्याला कोण विचारतंय?"

"तो बिघडला नव्हता."

रोपवालीने आपले हात टेबलावर ठेवले. कातडी नुकती कुठे भरून येत होती. "खरं तुम्ही बोलणार, बाई," ती म्हणाली, "आणि पाणी मी भरणार." त्या क्षणी मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, लिहा हो बाई, बिघडलो म्हणून लिहा, मी काय कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा लावणार आहे? एवढा वेळ मी माझ्या नावासाठी जळत होतो आणि समोर ती रोपवाली आपल्या मुलींसकट बुडत होती.

कोर्टात मी नव्हतो. मामा बाटलीची पेटी घेऊन गेले होते. परत आल्यावर त्यांनी मावशींना माझ्याजवळ उभं राहून सांगितलं ते असं. बाईंनी उभं राहून प्लगची गोष्ट सांगितली, भरून ठेवलेल्या चौकोनांची सांगितली. न्यायाधीशांनी विचारलं, या तक्त्याखाली सही कोणाची? बाई म्हणाल्या, माझी. बघून केली होती? बाई म्हणाल्या, नाही. मग लोणी उठला. सरकारी वकिलांच्या प्रामाणिकपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं, म्हणाला, आणि त्याच दमात म्हणाला, आता बंदीचा हुकूम उठवावा. न्यायाधीशांनी उठवला. नवा नमुना घ्यायची मुभा दिली आणि या खोलीतले तीन वर्षांचे सगळे तक्ते मागवले. मामा सांगता सांगता थांबले. मग म्हणाले, "बाईंनी माझं नाव घेतलं नाही. कर्मचारी म्हणाल्या." मावशी म्हणाल्या, "घ्यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू झाला.

नवा नमुना मिळायला अकरा आठवडे लागले. निरीक्षक निघाला की कारखान्याला आधी खबर, मग तिथे नळाला येतं तसं स्वच्छ पाणी. बाईंनी चार वेळा फेऱ्या मारल्या. शेवटी एका रविवारी दुपारी, कोणालाही न सांगता, निरीक्षकाला त्याच्या जेवणावरून उठवून नेलं, आणि तेव्हा खरं पाणी हाती लागलं. तीन बाटल्या, तिसरी माझ्याकडे. या वेळी लोणीला बोलायला जागा उरली नाही. कारखान्याला कायमचं टाळं लागलं. मोठ्या साहेबांनी वर्तमानपत्राला फोटो दिला. तक्त्यांची चौकशी झाली, तिचा अहवालही आला, कोणाचाही हेतू वाईट नव्हता म्हणे. अधीक्षकांना बढती मिळाली. मामांना एक समज देणारं पत्र मिळालं. बाईंच्या कागदांत मात्र नोंद झाली की त्यांनी कार्यालयाची प्रतिमा मलिन केली. प्रतिमा. वीस तास प्लग लोंबकळत होता तेव्हा प्रतिमा कुठे गेली होती, कोणी मला सांगेल का?

टाळं लागल्यावर आठ दिवसांनी रोपवाली आली. ती आता रोपवाली उरली नव्हती. अकरा आठवड्यांत उरलेली रोपंही गेली, जमीनमालकाने जमीन काढून घेतली, आणि ती मुलींना घेऊन भावाकडे राहायला गेली होती. तिला कुठल्याशा अर्जावर बाईंची सही हवी होती. बाईंनी अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली.

"मी तुमच्यावर रागावलेय, बाई," ती कागद घडी करत म्हणाली. "त्या मामांवर नाही, साहेबांवर नाही. ते तसेच आहेत. तुमच्यावर रागावलेय."

"रागवा," बाई म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे."

ती गेली. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसले. अगं, बाईंवर का, असं मी आत किती ओरडलो असेन, पण बाहेर फक्त घुं घुं.

त्या गुरुवारपासूनच तक्ता बाई स्वतः भरू लागल्या होत्या. रोज सकाळी दार उघडून, वाकून, बघून. पण दाराचं रबर आता खरंच गेलं होतं. एका सकाळी सात होतं. त्यांनी पेन उचललं, एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि सात लिहिलं. दुसऱ्या दिवशीही सात. सातवर नमुने ठेवता येत नाहीत, म्हणून महिनाभरात नवा फ्रिज आला आणि मी पडवीत आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बघून काढलं मला.

मित्रांनो, मी चिडलोय तो मला काढलं म्हणून नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे कामाला लागाल, आणि एक दिवस तुमच्यासमोर असाच एक रिकामा चौकोन येईल. रोज तेच असतं, कोण बघतंय, असं तुम्हाला वाटेल. तेव्हा खाली वाका आणि दार उघडा. न बघता लिहिलंत तर तुम्हाला काही होणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या जागी कोणीतरी दुसरं खरं बोलायला उभं राहील, त्याची झळ तिसऱ्याच कोणाला लागेल, आणि ते तिसरं माणूस आयुष्यभर त्या खरं बोलणाऱ्यावर रागावेल. तुमचं नावसुद्धा त्याला माहीत नसेल.